मायच्या गोळ्या आणि तुमचं संत्र्याचं झाड

आणि ते संत्र्याच्या झाडाचं उदाहरण मला देऊच नका, बाबा. झाड झाडाच्या जागी, माणूस माणसाच्या जागी. हे मी तुम्हाला तेव्हाही म्हटलं होतं. तुम्ही ऐकलं नाही, आणि आता तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली तरी घरात तुमचंच चालून राहिलं. परवाचीच गोष्ट सांगतो. ताईचा रामाकोन्याहून फोन आला की माय पुन्हा तशीच पडून आहे. पंधरा दिवस झाले, संत्र्याच्या पॅकिंगला गेली नाही. आंघोळ कर म्हटलं तर करते, नाही म्हटलं तर नाही. ताट पुढं सरकवलं की दोन घास खाते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. ताईनं तिला पांढुर्ण्याहून उचलून आपल्या घरी नेलं आहे. भाऊजींनी सोमवारी नागपूरला दाखवायला न्यायचं ठरवलं, गाडीवाल्याला सांगूनही ठेवलं. तर माय म्हणते, मी येत नाही. काहून? तर म्हणे, "तुह्या बाबानं सांगतलं होतं. सारखं पाणी पेलेलं झाड नुसते पानंच देते, फळ नाई देत. गोळ्या सारख्या नाई खायच्या." आता सांगा. ताईशी भांडता येते, भाऊजींशी भांडता येते. फोटोत हार घालून बसलेल्या माणसाशी कोणी कसं भांडावं?

खरं तर मी ताईला लिहायला बसलो होतो. मायला गोळी कधी द्यायची, कशासोबत द्यायची, पहिले पंधरा दिवस काय काय होईल, हे फोनवर सांगितलं की ताई अर्धं विसरते आणि उरलेलं तिला खोटं वाटते. म्हणून म्हटलं लिहून फोटो पाठवू. दोन ओळी लिहिल्या आणि तुमच्यावर घसरलो. कागद कारखान्यातलाच आहे, मागच्या बाजूला टाइल्सच्या पेट्यांचा हिशोब आहे, तो पाहू नका. तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही होता तेव्हा मी बोरगावच्या कंपनीत रोजी करत होतो, घरूनच जात होतो, पत्राचं काम पडलं नाही. आणि बोलणं तर आपलं "जेवला का" आणि "जेवलो" एवढंच. शाळेत आठवीपर्यंत हिंदी गिरवली. मराठी लिहायला हात बसला तो तुमच्यामुळं, कारण विहाराच्या फळ्यावर पौर्णिमेची सूचना तुम्ही माझ्याकडून लिहून घेत होता आणि एक मात्रा चुकली की सगळी ओळ पुसायला लावत होता. माझी चूक अशी लगेच पुसायला लावायची. तुमची मात्र घरात नऊ वर्षं तशीच लिहिलेली आहे.

मी सतरा वर्षांचा होतो. होळी होऊन गेली होती. सकाळची वेळ, माय चुलीपुढं बसलेली, आणि दूध उतू जाऊन राहिलं. आधी वास आला. मी बाहेरून ओरडलो, "माय, दूध!" ती हललीच नाही. आत जाऊन पाहतो तर दुधाची सगळी धार तिच्या डोळ्यांसमोरून जाळात चाललेली, ती पाहते आहे, आणि हात मांडीवर. तुम्ही आलात, फडक्यानं भांडं उतरवलं, म्हणालात, "काहून वं, झोप नाई झाली का?" तर माय म्हणाली, "झाली असंन." कधी ही बाई असं बोलली होती का? आपल्या गल्लीत मायचा आवाज म्हणजे भोंगा. पॅकिंगच्या शेडमध्ये चाळीस बाया, पण मुकादम भ्यायचा तो हिला. हिनं एकदा त्याला सांगितलं होतं की तू संत्रं मोजतो का आमचे श्वास मोजतो. ती माय महिनाभरात अशी झाली की तिला काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागे की आपण काय विचारलं तेच विसरून जावं.

मग बोरगावची आत्या आली. आत्यानं मायच्या हनुवटीला हात लावून चेहरा फिरवून पाहिला, जशी बाजारात कोंबडी पाहते, आणि म्हणाली, "दादा, हे बाहेरचं हाये. एक मानूस हाये माह्या ओळखीचा, अमावास्येले घेऊन चाल." तुम्ही त्या वेळी संत्र्याची कलमं बांधायच्या पट्ट्या कापत बसला होता. वर न पाहता म्हणालात, "बाहेरचं म्हणजे कुठचं? छिंदवाड्याचं का नागपूरचं?" आत्या चिडली. तुम्ही पुढं म्हणालात, "आपल्या बापानं सगळे देव गाठोड्यात बांधून जाम नदीच्या पाण्यात सोडले ते काय तुह्या मानसासाठी? आपल्या घरात अंगारा येनार नाई. डॉक्टर येईन." आत्या रुसून तशीच उन्हात सौंसरच्या बसला गेली. मला त्या दिवशी तुमचा लय अभिमान वाटला होता, बाबा. हेही लिहून ठेवतो, नाही तर म्हणाल पोट्टा नुसता उणंदुणंच काढते.

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराची ओपीडी वेगळी. आपण तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी मायला झोप विचारली, भूक विचारली, रडू येते का विचारलं, मग विचारलं, "जगू नये असं वाटते का कधी?" तुम्ही मध्येच, "नाई नाई, तसं काही नाई." बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा." आपण बापलेक बाहेर बाकावर. तिथं कुंडीत एक लिंबाचं रोप होतं, पिवळं पडलेलं. तुम्ही त्याच्या मातीत बोट घालून पाहिलं, आणि प्यायच्या पाण्याच्या बाटलीतलं अर्धं पाणी त्याला घातलं. मग आत बोलावलं. बाईंनी सांगितलं की याला डिप्रेशन म्हणतात, हा आजार आहे, आळस नाही आणि भूतही नाही. आधी रक्त तपासू, कारण थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी असलं तरी माणूस असाच बसतो. ते ठीक निघालं तर रात्रीची एक गोळी. पहिले पंधरा दिवस फरक दिसणार नाही, उलट तोंड कोरडं पडेल, मळमळेल, तरी सोडायची नाही. हलका आजार असता तर नुसतं समुपदेशकाशी बोलूनही भागलं असतं, पण हिला दोन्ही लागेल, गोळीही आणि बोलणंही. दर आठवड्याला या. तुम्ही म्हणालात, पांढुर्ण्याहून दर आठवड्याला कसं जमनार मॅडम. त्या म्हणाल्या, मग महिन्याला या, आणि घरी हिला रोज एक ठरलेलं काम द्या, मन असो नसो, तेवढं करायचंच. मोठं काम नको. लहान.

तुम्ही तिला दहा रोपं दिली. नर्सरीतून जंभेरीची, ज्या आंबट खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात त्याची, दहा रोपं आणून न्हाणीमागं एका ओळीत लावली आणि सांगितलं, "हे तुहे. मी हात लावनार नाई. मेले तं तुह्यामुळं मेले." असं बोलणं कोणी आजारी माणसाशी बोलते का, मला वाटलं. पण माय उठली. पहिल्या दिवशी तीन रोपांना पाणी घातलं आणि बसली. दुसऱ्या आठवड्यात दहाही. गोळ्या आणायचं काम माझ्याकडे होतं. महिन्यातून एकदा सकाळची गाडी, नागपूर, केसपेपरची लाइन, डॉक्टरची लाइन, औषधाची लाइन, आणि अंधार पडता पडता परत. मायला दर वेळी न्यायचं नव्हतं, दर दोन महिन्यांनी. ती यायची तेव्हा तुम्ही लोकांना सांगायचा, हिचे दात दाखवायचे आहेत. तिसऱ्या वेळी शेजारच्या काकांनी विचारलंच, "का गा, वहिनीले दात हायेत तरी किती? बत्तीस का चौसष्ट?" तुम्ही म्हणालात, "अक्कलदाढ हाये, तुले नाई समजनार." माय पदर तोंडाला लावून हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा हसली. तेव्हा वाटलं, आलं औषध कामाला.

मग पोळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी गोटमार, सावरगाव आणि पांढुर्ण्याची दर वर्षीची दगडांची लढाई. आपण सावरगावला मामाच्या माडीवर. माय सगळ्यांच्या पुढं, कठड्याला धरून, आणि खाली नदीत दगड सुरू झाले तशी ती सुरू झाली. "हाना रे, हाना त्या पांढुर्णावाल्यायले!" मामा म्हणाला, "अवं बाई, तुहा नवरा पांढुर्ण्याचाच हाये, बाजूले बसला हाये." तर म्हणते कशी, "मंग त्यायले बी पाठवा खाली, बसू द्या एखादा!" सगळी माडी हसली. तुम्ही सगळ्यांत जास्त हसला. मी तुमच्याकडे पाहत होतो, तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याच माडीवर, त्याच दुपारी तुम्ही ठरवलं की आता गोळ्या पुरे. म्हणालात, झाडाला बारा महिने पाणी दिलं तर ते नुसतं हिरवं राहते, फुलावर येत नाही. पाणी तोडावं लागते, महिना दीड महिना, मग पाणी सोडलं की सगळं झाड एकदम बहरते. औषधाचंही तसंच. आता हिला सोडून पाहू. दिवाळीपर्यंत पाहा कशी बहरते.

यात तुमची काय चूक, असं कोणी म्हणेल. तुम्ही तीस वर्षं कलमं बांधली. एका दिवसात हजार डोळे बांधणारा माणूस तुमच्यासारखा त्या भागात नव्हता, आणि तुम्ही बांधलेले हजारातले नऊशे लागायचे. बागा राखल्या, कोणत्या बागेचं पाणी कधी तोडायचं ते पान चुरून सांगायचा. ज्या माणसाचं झाडात इतकं खरं निघते त्याला वाटणारच की सगळीकडे हेच खरं. आत्याच्या माणसाला तुम्ही दारात उभं केलं नाही. पण ही चूक बाहेरून आलीच नाही. ती आपल्याच हातातून, आपल्याच हुशारीतून आली.

गोळ्या एका दिवशी एकदम बंद केल्या. चार दिवसांत मायला चक्कर यायला लागली, म्हणे डोक्यात करंट लागल्यासारखं होते. तुम्ही म्हणालात, औषधाची सवय सुटून राहिली. दिवाळीच्या आधी तिचं बोलणं कमी झालं. दिवाळीत ती रडली, काही कारण नसताना, करंजी हातात घेऊन. मी म्हटलं बाबा, पाहा. तुम्ही म्हणालात, "पानं मलूल झाल्याबिगर फूल येत नाई. थांब जरासा." हे तुमचं वाक्य मी विसरू शकत नाही. झाडाचं पान कोमेजलं की तुम्हाला आनंद व्हायचा, कारण पाणी तोडल्याचं काम होऊन राहिलं याची ती खूण. तुम्ही मायचं कोमेजणंही तसंच पाहिलं. आम्ही सगळे डोळ्यांसमोर तिला वाळताना पाहत होतो आणि म्हणत होतो, चांगलं होऊन राहिलं.

डिसेंबरात एका सकाळी ती घरात नव्हती. न्हाणीमागं रोपं कोरडी. मी नदीकडे पळालो, तुम्ही राखणीच्या बागेकडे. मी नदीवरून धापा टाकत बागेत आलो तेव्हा तुम्ही तिच्यापासून दहा पावलांवर होता. माय विहिरीच्या काठावर बसलेली, पाय आत. आंबिया बहारासाठी बागेचं पाणी तोडलेलं होतं, मोटर वीस दिवस बंद, म्हणून विहीर भरलेली. चारी बाजूंना सगळी झाडं पानं गाळून उभी. तुम्ही ओरडला नाही. पळालाही नाही. चालत गेला, तिच्या शेजारी बसला, आणि म्हणाला, "चाल वं घरी. चहा मांडतो." ती उठली. तुम्ही तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं ते घरापर्यंत सोडलं नाही. आणि निघायच्या आधी तुम्ही एक केलं. मला सांगितलं, "मोटर चालू कर." मी म्हटलं, अजून महिना आहे. तुम्ही म्हणालात, "चालू कर म्हटलं नं." मी बटन दाबलं. सगळ्या आळ्यांत पाणी गेलं, संध्याकाळपर्यंत विहिरीचा तळ दिसला.

चौथ्या दिवशी आपण नागपूरला. मायला तपासणीचं रक्त द्यायला दुसऱ्या खोलीत नेलं होतं आणि आपण दोघं बाईंसमोर. बाई रागावल्या. म्हणाल्या, बरं वाटलं म्हणजे औषध लागू पडलं, काम संपलं असं नाही. बरं वाटल्यावरही निदान सहा-आठ महिने चालू ठेवायचं, आणि थांबवायचं तेव्हा आम्ही हळूहळू कमी करून थांबवतो. कोणी सांगितलं तुम्हाला बंद करायला? तुम्ही खाली मान घालून झाडाचं सगळं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांचं माहेर काटोलकडचं, घरी संत्र्याची बाग. म्हणाल्या, "काका, एक सांगा. डिंक्या लागलेल्या झाडाचं पाणी तोडता का तुम्ही?" खोडातून डिंक गळायला लागला की झाड आतून सडून राहिलं असते, हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. तुम्ही मान वर केली. मग म्हणालात, "नाई मॅडम. रोगी झाडाचं नाई तोडत. आधी झाड वाचवतो, बहार मंग." त्या म्हणाल्या, "बस. तेवढंच."

त्या रात्रीपासून गोळी तुम्ही स्वतःच्या हातानं द्यायला लागला, पाण्याचा गिलास घेऊन समोर उभं राहून. पण मायला सांगितलं नाही की मी चुकलो होतो. जानेवारीत मालक बाग पाहायला आला, फूल जवळजवळ नाहीच. तो तुमच्यावर भडकला की वेळेच्या आधी पाणी काहून सोडलं, सगळा बहार घालवला. तुम्ही हात जोडून म्हणालात, "चुकलं, मालक." त्यानं दुसऱ्या माणसाला बाग दिली. मी बाजूलाच उभा होतो. तुम्ही चुकलं म्हणालात ते तुम्ही जे बरोबर केलं होतं त्यासाठी. जे चुकलं होतं त्यासाठी कोणाला काही म्हणालाच नाहीत. माझी तक्रार एवढीच आहे, बाबा. चूक कोणाची होत नाही? तुम्ही सुधारली. पण मुक्यानं सुधारली. त्यामुळं झालं काय की मायजवळ तुमची गोळी काही राहिली नाही, तुमचं माडीवरचं वाक्य राहिलं. दीड वर्षानं तुम्ही नर्सरीत कलम बांधता बांधता छातीला हात लावून बसला ते उठला नाही, आणि तुमच्यासोबत गोळ्याही बंद झाल्या. ना हळूहळू, ना डॉक्टरला विचारून. मी त्याच वर्षी गाव सोडलं. नागपूर, हैदराबाद, सुरत, आणि आता चार वर्षं इकडं मोरबीला, टाइल्सच्या भट्टीवर. मला एका जागी बसवत नाही हे तुम्हाला माहीत आहे. कधी बरी, कधी पडलेली, असे मायचे दिवस गेले, आणि आपण सगळे म्हणत राहिलो, तिचा स्वभावच तसा झाला.

आता माझं सांगतो. मागच्या पावसाळ्यात मी खोलीवर पडून राहिलो. ताप नाही, काही नाही. उठायचं म्हटलं की पाय जमिनीवर ठेवायला तास लागे. सुपरवायझरनं खोलीच्या दारातून विचारलं, "पी के पड़ा है क्या?" मी म्हटलं हो. दारू म्हटलं की लोक समजून घेतात, हे मी त्या दिवशी शिकलो. नवव्या दिवशी खोलीवरच्या साथीदारानं चूल पेटवली, दूध ठेवलं, आणि मी त्या दुधाकडे पाहत बसलो. उतू गेलं. तो शिव्या द्यायला लागला आणि मला एकदम माय दिसली, मांडीवर हात ठेवलेली. दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेलो. इथंही तेच सगळं, रक्त तपासणी, रात्रीची एक गोळी, वीस दिवस वाट. बोलायचं म्हटलं तर मला गुजराती येत नाही, हिंदीत मनातलं निघत नाही. तर त्या डॉक्टरनं सरकारचा एक फुकटचा फोन नंबर दिला, त्यावर मराठी बोलणारे भेटतात. पहिल्या वेळी मी नुसता धरून बसलो, बोललोच नाही. पलीकडच्या ताईंनी फोन ठेवला नाही, म्हणाल्या, चालते, असू द्या. चौथ्या वेळी बोललो. त्या मला रोज एक लहान काम ठरवायला सांगतात. मी सकाळी खोलीपासून नाल्यापर्यंत चालत जातो आणि येतो. तीन महिन्यांनी बरं वाटलं आणि तुम्हाला खोटं वाटेल, पहिलं काय आठवलं तर तुमचं झाड. मीही पाणी तोडलं. बारा दिवस. डोक्यात करंट, चक्कर, आणि मग पुन्हा ते दूध. तेव्हा परत गेलो, डॉक्टरच्या शिव्या खाल्ल्या, आणि आता दहा महिने होऊन राहिले. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे मीही तुमच्यासारखाच, मुका.

काल सकाळी पाळी सुटल्यावर मायला फोन लावला. ताईनं तिच्या कानाला धरून ठेवला. मी म्हटलं, माय, सोमवारी जा. ती म्हणाली, "तुह्या बाबानं..." मी म्हटलं, थांब. बाबानं आणखी एक सांगितलं होतं, ते तू ऐकलं नाहीस, तू रक्त द्यायला गेली होती. आणि मी तिला डिंक्याचं सांगितलं, तुमच्याच शब्दांत, आधी झाड वाचवतो, बहार मंग. मोटर काहून चालू केली होती ते सांगितलं. ती म्हणाली, "असं म्हनाले ते?" म्हटलं, "हाव. मी होतो नं तिथी." म्हणाली, "मले काहून नाई सांगतलं?" मग मी माझंही सांगून टाकलं, की मी पण खाऊन राहिलो, रोज रात्री, तीच गोळी नाही पण तशीच. "तू? तुले काय झालं रे लेकरा? जेवते का तू?" पंधरा दिवसांत ताईनं तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता. "कोन आनून देते तुले?" म्हटलं, मीच जातो, महिन्याला. "लाइनीत उभा राह्यते?" म्हटलं, राहतो. माय म्हणाली, "तुले तं लाइनीचा लय कंटाळा होता." एवढं म्हणून सोमवारी जाते म्हणाली. जाईल का ते सोमवारी कळेल. गेली तरी पहिले तीन आठवडे ताईला तिच्यासमोर गिलास घेऊन उभं राहावं लागेल, ते मी वेगळ्या कागदावर लिहून पाठवतो. तुम्ही लावलेल्या दहातलं एक जंभेरी अजून न्हाणीमागं आहे, तुम्ही त्याला डोळा बांधलाच नाही, आंबट फळं देते. ताईला सांगितलं, मायला त्याच्यासाठी आठवड्यातून एकदा घरी नेत जा.

हा कागद काही कुठं जाणार नाही. पण मायनं लाइनीचं काढलं तेव्हापासून एक गोष्ट अडकून बसली आहे, ती लिहितो आणि ठेवतो. वर मी लिहिलं की मी तुम्हाला तेव्हाही म्हटलं होतं. त्या दिवशी मी असं काहीच म्हटलं नव्हतं. गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी मला गोळ्या आणायला नागपूरला जायचं होतं, आणि माझ्या दोस्तांचा सावरगावात थांबायचा बेत होता. त्या माडीवर मी तुम्हाला विचारलं, "बाबा, माय तं बरी झाली, आता कायले पाह्यजेत गोळ्या?" तुम्ही आधी मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग झाडाचं उदाहरण दिलं. दुसऱ्या दिवशी मी नागपूरला गेलो नाही. तुम्ही ही गोष्ट मायला कधी सांगितली नाही. सोमवारच्या गाडीचे आणि तपासणीचे म्हणून ताईच्या नंबरवर तीन हजार आठशे टाकून राहिलो.